नवसाच्या बोकडाची डावी नळी

चाळीसपैकी सात. आता सात हा आकडा तसा काही वाईट नाही. आठवड्याचे वार सात, लग्नातली पावलं सात, बोकडाच्या मानेत मणकेसुद्धा सातच. पण ॲनाटॉमीच्या पहिल्याच टेस्टला सात मार्क पडले, आणि मॅडमनी पंकजाला सगळ्या वर्गासमोर उभं केलं, हातात गायीच्या मांडीचं हाड दिलं आणि विचारलं, "डावं की उजवं?"

पंकजा म्हणाली, "मधलं."

वर्ग हसून हसून बाकाखाली गेला. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "यात्रेला घरी चाललीस ना? मग येताना एका बोकडाचा अख्खा सांगाडा जोडून आण. एकाच बोकडाचा. हाडं साफ करून, तारेनं बांधून. कुठलं हाड डावं, कुठलं उजवं, मी विचारेन तसं सांगायचं. जमलं तर फायनलला बसशील. नाहीतर पुढच्या वर्षी याच बाकावर भेटू."

दुसरी कुणी असती तर रडली असती ना? पंकजा होस्टेलवर नाचत आली! कारण तिच्या घरी, श्रीगोंद्यापासून बारा किलोमीटरवर, एक बोकड दोन वर्षांपासून तयारच होता. तोही नवसाचा.

हा बोकड आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. पंकजा बारावीला असताना तिचे वडील हनुमंतराव भैरवनाथापुढं हात जोडून म्हणाले होते, "देवा, पोरगी डॉक्टर हू दे, बोकड देतो." आणि घरच्याच शेळीचं करडू त्यांनी देवाच्या नावानं सोडलं. करडू दिवसभर सगळ्यांशी हुज्जत घालायचं, म्हणून त्याचं नाव पडलं वकील. तर हा वकील महिन्याच्या आत उसाच्या ट्रॉलीवर चढला आणि तिथून खाली पडला. मागचा डावा पाय कांडीसारखा कट्! आता देवाला द्यायचं जनावर लंगडं कसं चालेल? हनुमंतरावांचं जेवण सुटलं. तेव्हा पंकजानं फिजिक्सचं पुस्तक मिटलं, बांबूच्या कामट्या तासल्या, कापूस लावला, शाळेच्या दोन जुन्या रिबिनी गुंडाळल्या आणि पाच आठवडे त्या वकिलाला सोडलं नाही. पाय जुळला. फक्त नळीवर एक टेंगूळ राहिलं, आणि वकील चालताना थोडा डावीकडं झुकायचा, खिशात काहीतरी जड असल्यासारखा.

पोरगी डॉक्टर व्हायच्या कॉलेजात गेली खरी, पण जनावरांच्या. शेजारच्या बनुबाईनं तेवढ्यावर बोट ठेवलं.

"हनुमंता, तू देवाला नुसतं डॉक्टर म्हनलास. कुनाचा त्ये सांगितलं न्हाईस. देवानं बोकडाचा दिला. आता बोकडाच्या डॉक्टरसाठी बोकडच कापायचा? म्हंजी पेशंट कापून दवाखान्याचं उद्‌घाटन!"

"बनुकाकू, नवस म्हंजी नवस," हनुमंतराव म्हणाले.

पंकजाला वाईट वाटलं का? वाटलं हो. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वकिलाला गुळाचा खडा दिला, त्यानं शेवटची हुज्जत घातली, आणि ती आत जाऊन पुस्तकात तोंड खुपसून बसली. बाहेर आली ती सगळं उरकल्यावरच, पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानात बोट घालून.

बोकड सोलून सोडवायला बजरंगमामा होते. गावातल्या प्रत्येक यात्रेचा बोकड बत्तीस वर्षं त्यांच्याच हातचा. त्यांनी ओंडक्यावर कोयता टेकवला तेवढ्यात पंकजा मधे आली.

"मामा, तोडायचं न्हाई."

"तोडायचं न्हाई? मग काय करायचं, समजूत काढायची?"

"हाडाला घाव नको. सांध्यावर सोडवायचं. मुंडी पन फोडायची न्हाई. सांधा कुठं त्ये मी पुस्तकात बघून सांगती."

मामांनी आभाळाकडं बघितलं. पंकजानं गुडघ्याजवळ बोट ठेवलं, "हितं." मामांनी सुरी घातली. खट्ट.

"हे हाड हाय बाळा," मामा शांतपणे म्हणाले. "सांधा वर ऱ्हायला."

"पुस्तकात तर..."

"पुस्तक लिवणाऱ्यानं रस्सा खाल्ला असंल, बोकड सोडवला नसंल. आन हात हिकडं." मामांनी तिचं बोट धरून पायावर फिरवलं, स्वतः बघत होते चहाच्या कपाकडं. "हाड म्हंजी दार. दाराला बिजागरी असती. ती डोळ्यानं न्हाई, बोटानं हुडकायची. गावली?"

गावली! सुरीचं टोक आत गेलं आणि सांधा असा सुटला, जसं काही तो वाटच बघत होता.

"आता हे बघ. ही बारीक कड कायम म्होरं. ह्यो खालचा कोंब आतल्या अंगाला. आता डोळं मीट आन सांग, डावा का उजवा?"

"उजवा!"

"आन ह्यो?"

"डावा!"

"मग येवढ्याला पाच वर्सं कालेज?"

अख्ख्या सेमिस्टरमध्ये जे डोक्यात शिरलं नव्हतं ते अंगणात ओंडक्यावर बसून तासाभरात शिरलं. बारापैकी दहा हाडं तिनं डोळे मिटून ओळखली. पंकजाला इतका आनंद झाला की तिनं बनुबाईच्या दंडाला हात लावून "ह्युमरस, उजवा!" असं सांगितलं, आणि बनुबाई "माझ्या हाडाला नावं ठेवती" म्हणून सगळ्या आळीत सांगत सुटली.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण हाडं शाबूत राहिली तरी ती जेवायला बसणाऱ्या साठ माणसांच्या ताटातून परत यायला हवीत की नाही? म्हणून हनुमंतरावांनी एक साधी सूचना करायचं ठरवलं. देवळाच्या स्पीकरवर. तिथं यात्रा कमिटीचा वाल्मिक माईक धरून बसला होता, आणि वाल्मिकच्या हातात माईक असला की साधी सूचना साधी राहत नाही. हनुमंतरावांनी सांगितलं होतं, "आमच्याकडं जेवणाऱ्यांनी हाडं फोडू नका, म्हनावं." वाल्मिकनं सांगितलं ते असं:

"समस्त ग्रामस्थांना कळवण्यात येतं की, आपल्या गावची कन्या पंकजा ही डॉक्टर होत असून तिच्या पुढील शिक्षणासाठी हाडांची नितांत आवश्यकता आहे. तरी सर्वांनी हाडं न फोडता सढळ हातानं सहकार्य करावं!"

तीनदा सांगितलं. मधे पाळण्याची पिपाणी वाजली म्हणून चौथ्यांदा.

इकडं पंक्ती बसल्या. पंकजा वही घेऊन पंक्तीतून फिरत होती, कुणाच्या ताटात काय गेलं ते लिहीत. वाढणारी पोरं ओरडायची, "खांदा कुनाला?" आणि ती मागून, "स्कॅप्युला, तात्या, उजवा, परत द्यायचा!" एक म्हातारबाबा तर हात झटकून म्हणाले, "साठ वर्सं नळी फोडून खाल्ली. आता काय लायब्ररीतल्या पुस्तकावानी वापस करायची व्हय?" पण परत केली बिचाऱ्यांनी. चोखून अशी पांढरी केली होती की पुन्हा धुवायला नको.

आता नळी. रविराजदाजी पहिल्यांदाच यात्रेला आले होते. पंकजाच्या बहिणीचं, रोहिणीचं लग्न डिसेंबरात झालं. दाजी कर्जतकडचे, साखर कारखान्यात केमिस्ट. जावयाला पहिल्या यात्रेत नळी वाढायची, हा मान. पंकजानं खूप विचार करून दाजींसाठी एक नळी निवडली. कुठली? मागच्या डाव्या पायाची! टेंगळाची! तिचं म्हणणं असं की बाकीचे लोक परत देतील न देतील, पण दाजी शिकलेले, चमच्यानं भात खाणारे, त्यांच्याकडं हाड सगळ्यात सुरक्षित. आणि ही नळी तिला सगळ्यात जास्त जपायची होती. विचार चांगलाच होता ना? पण तो तिनं कुणाला सांगितलाच नाही.

दाजींनी नळी उचलली. फिरवली. टेंगळावरून अंगठा फिरवला.

"ही नळी मोडकी आहे," दाजी म्हणाले.

"जुळलीये दाजी," पंकजा उत्साहानं म्हणाली. "एकदम मस्त जुळलीये! हात लावून बघा ना!"

"म्हणजे जावयाला लंगड्या बोकडाचा मोडका पाय वाढला. पहिल्या यात्रेला." दाजी उठले. खिशातला इस्त्रीचा रुमाल काढला, नळी त्यात गुंडाळली. "ही मी घेऊन चाललोय. पुरावा म्हणून. आमच्या आईला कळलं पाहिजे."

हनुमंतराव टोपी काढून हातात धरून उभे. पंकजाची आई पदर तोंडाला लावून उभी. बुलेट धडधडली. मागं बसलेली रोहिणी दात आवळून म्हणाली, "पंके, सगळ्या बोकडात माझ्या नवऱ्याला द्यायला तुला हेच घावलं?" आणि धुरळा उडाला.

पण रडायला वेळ कुठं होता! तेवढ्यात पहिली बादली आली. मग दुसरी. वाल्मिकच्या आवाहनाला गावानं प्रतिसाद दिला होता! ज्या ज्या घरी बोकड पडला होता, त्या त्या घरून हाडं. कुणी टोपल्यात, कुणी घमेल्यात, कुणी बिस्किटाच्या खोक्यात. "आमच्यातर्फे बरगड्या." "ताई, आमच्या चार कोंबडीच्या बी टाकल्यात, चालतील ना?" संध्याकाळपर्यंत ओट्यावर चार पोती. आणि दाराबाहेर अकरा कुत्री, ओळीनं, अगदी तोंडी परीक्षेला नंबर लावून बसल्यासारखी.

नशीब म्हणजे वकिलाची हाडं पंकजानं आपल्या पितळी घंगाळात वेगळी ठेवली होती. ती सोड्याच्या पाण्यात उकळली, गच्चीवर मच्छरदाणी लावून सुकवली. कावळ्यांवर लक्ष ठेवायला स्वतः हनुमंतराव काठी घेऊन बसले, आणि येणारा-जाणारा विचारायचा, "काय हनुमंतराव, पापड का?"

आठ दिवसांनी फळीवर वकील उभा राहिला. बरगड्या सव्वीस, मणके सगळे, मुंडी अखंड. फक्त मागच्या डाव्या पायात नळीच नाही. दाजींना फोन लावावा तर दाजी उचलत नाहीत. रोहिणीनं उचलला आणि एवढंच म्हणाली, "सासूबाईंनी ती घासूनपुसून टीव्हीशेजारी ठेवलीये. येईल त्याला दाखवतायत."

मग पंकजानं केलं ते करायला नको होतं. गावच्या चार पोत्यांतून तिनं तेवढ्याच मापाची एक नळी शोधली आणि तारेनं बसवून टाकली. कोण बघतंय? चहा प्यायला बजरंगमामा आले, त्यांनी वकिलाभोवती एक चक्कर मारली आणि खाली बसले.

"बाळा, ह्याला दोन्ही पाय उजवं झाल्यात."

पंकजानं डोळे मिटून बोट फिरवलं. बारीक कड म्होरं. खालचा कोंब आत... आत कुठला, बाहेरच्या अंगाला! "दुसरी डावी हुडकू का मामा? पोत्यात असंल."

"असंल. पन ती वकिलाची न्हाई. त्याचा पाय तू जुळवलास, आन उभा करायचा दुसऱ्याच्या पायावर?"

झालं. पंकजानं ती नळी सोडवून पोत्यात टाकली. कॉलेज सुरू व्हायला दोन दिवस उरले होते. ठरलं, तीन पायांचा वकील घेऊन कर्जतला जायचं, दाजींच्या पाया पडायचं, नळी घ्यायची आणि तिथूनच कॉलेज गाठायचं. हनुमंतरावांनी फळी उचलली, वर आईची जुनी साडी टाकली, आणि बाप-लेक स्टँडवर.

कंडक्टरनं साडीचा कोपरा उचलला आणि तसाच सोडला.

"हे काय?"

"बोकड."

"गाडीत जनावर चालत न्हाई."

"जिवंत न्हाई ओ मास्तर."

"मग मयत तर अजिबातच न्हाई. आन बोकडाचाच हाय कशावरून? काही कागद?"

गाडी गेली. पंकजा आणि हनुमंतराव ग्रामपंचायतीत. ग्रामसेवकांनी चष्मा पुसला. "बोकडाच्या मृत्यूचा दाखला देता येत नाही. मुळात जन्माची नोंद आहे का?" जन्माची नोंद नाही. "मग कायद्यानं तो जन्मलेलाच नाही. न जन्मलेला मरणार कसा?" हनुमंतराव टोपी काढून बसले ते उठायलाच तयार होईनात. शेवटी ग्रामसेवकांनी रहिवासी दाखल्याचा छापील नमुना घेतला, दोन शब्द खोडले, शिक्का मारला: "दाखला देण्यात येतो की, सोबतचा सांगाडा हा बोकडाचा असून सदर बोकड या गावचा कायमचा रहिवासी होता. आमच्या माहितीप्रमाणे त्याची वर्तणूक चांगली होती."

पुढच्या गाडीच्या कंडक्टरनं तो कागद दोनदा वाचला. "वर्तणूक चांगली होती," तो पुटपुटला, आणि म्हणाला, "मागच्या शिटावर घ्या."

कर्जतला दाजींच्या आईनं, लंकाबाईंनी दार उघडलं. टीव्हीशेजारी, लग्नाच्या फोटोला टेकून, नळी! इस्त्रीच्या रुमालावर! हनुमंतरावांनी टोपी काढली. "ईनबाई, चुकी झाली. माफी मागाया आलोय."

"माफीचं काय ओ," लंकाबाई म्हणाल्या. "पन आमच्या लेकाला लंगडं खाऊ घातलं, ह्ये सगळ्या गल्लीला म्हाईत झालं ना!"

गल्लीला माहीत कुणी केलं, हे कुणी विचारलं नाही. दाजी खुर्चीत पेपर धरून बसले होते, केव्हापासून त्याच पानावर.

पंकजानं फळी टीपॉयवर ठेवली आणि साडी काढली. तीन पायांचा वकील खोलीच्या मधोमध उभा राहिला. लंकाबाई दोन पावलं मागं सरकल्या.

"दाजी," पंकजा एका दमात म्हणाली, "ह्या बोकडाचा पाय मी बारावीत असताना जुळवला होता. माझी पहिली केस आहे ही. सगळ्या बोकडात ती एक नळी माझ्यासाठी लाखाची होती. साठ माणसं जेवायला होती, कुणाच्या भरवशावर सोडू? म्हणून तुमच्या ताटात वाढली. दुसऱ्या कुणी फोडली असती. तुम्ही बघा ना, रागानं नेली तरी रुमालात नेली! आता ती नाही मिळाली तर माझं वर्ष जातंय."

पेपर खाली आला. दाजींनी सांगाडा बघितला. शेवटी माणूस केमिस्ट, चष्मा वर करून जवळ आले. "हा सांधा असा फिरतो का? आणि ही तार इथून?" मग उठले, टीव्हीशेजारची नळी घेतली आणि स्वतःच्या हातानं बसवायला लागले. पहिल्यांदा उलटी धरली.

"कड म्होरं, दाजी. कोंब आतल्या अंगाला."

खट्. बसली! तार पिळली. हात काढला, आणि वकील हळूच डावीकडं झुकून उभा राहिला. अगदी तस्साच!

"अगं बया, वकील!" रोहिणी ओरडली आणि हसता हसता रडायला लागली. दारात जमलेली गल्ली आत आली. लंकाबाईंनी सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, "आमच्या रवीनं सांबाळली म्हनून ऱ्हायली बरं का ती नळी." दाजींनी नाही म्हटलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी भाड्याची जीप काढून पंकजाला, हनुमंतरावांना आणि वकिलाला थेट कॉलेजवर सोडायला आले, आणि वाटेतल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला "सावकाश, पाय आहे!" म्हणून ड्रायव्हरवर ओरडले.

मॅडमनी वकिलाभोवती चक्कर मारली. बजरंगमामांसारखीच. "डोळे मीट," त्या म्हणाल्या आणि हातात हाडामागून हाड लावत गेल्या. डावं. उजवं. उजवं. डावं. पंकजा बोलत होती, बोट बिजागरी शोधत होतं. मग बोट टेंगळावर आलं. मॅडमचं बोटही तिथंच थांबलं.

"हे काय आहे?"

पंकजानं डोळे उघडले. "डावी टिबिया, मॅडम. मोडलेली आहे. पण त्याचीच आहे. बदललेली नाही." मग खरं ते सांगून टाकलं. "म्हणजे बदलली होती, पण परत आणली."

"मोडलेली ते दिसतंय मला. बसवली कुणी?"

"मी. बारावीत. बांबूच्या कामट्या आणि शाळेच्या रिबिनी. पाच आठवडे."

मॅडम टेंगळावरून अंगठा फिरवत होत्या, दाजींनी फिरवला होता तसाच, फक्त चेहरा वेगळा. "मधलं म्हणणारी मुलगी ती तूच ना?" त्या म्हणाल्या. "हे हाड म्युझियमला हवंय मला. अख्खा बोकडच हवाय. देशील?"

पंकजानं दाराकडं बघितलं. तिथं हनुमंतराव टोपी हातात धरून उभे होते. "दादा, देऊ का?"

"मला काय इचारती," हनुमंतराव म्हणाले. "देवाला दिलेलाच हाय त्यो. मॅडम, तेवढं सांगा, पोरगी बसनार ना परीक्षेला?"

"बसणार," मॅडम म्हणाल्या.

हनुमंतरावांनी तिथूनच गावाला फोन लावला. स्पीकरवर बनुबाई: "मी म्हनलं न्हवतं? पेशंटनंच डॉक्टरला पास केलं!"

वकील आता काचेच्या कपाटात आहे, डावीकडं झुकून. खाली पाटी आहे, पंकजाचं नाव, आणि दाजींनी हट्ट करून घालून घेतलेली बारीक ओळ: डाव्या नळीचं जतन, रविराज, कर्जत. नवी बॅच आली की मॅडम एकेकाला त्या कपाटासमोर उभं करतात, हातात हाड देतात आणि विचारतात. गेल्या आठवड्यात एक जण खूप विचार करून म्हणाला, "मधलं."

मॅडम कपाटातल्या वकिलाकडं बघून म्हणाल्या, "तुमच्या गावची यात्रा कधी असते रे?"